सत्तेचाळीस वर्षांचा डाव

खेळाडूचें तारुण्य संपलें कीं त्याचा खेळहि संपला, असा आपल्याकडे एक ठाम समज आहे. वकिलाची वकिली, वैद्याची वैद्यकी, प्राध्यापकाची विद्वत्ता हीं वयाबरोबर वाढत जातात. खेळाडूची विद्या मात्र तिशी उलटतां उलटतांच उतरणीला लागते, आणि मग जिंकलेल्या पेल्यांवरची धूळ झाडण्यापलीकडे त्याला कांहीं काम उरत नाहीं, असें सुशिक्षित घरांतून नेहमीं बोललें जातें. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी मैदानावर चमकूं लागली म्हणजे वडील माणसांना आनंद होतो, आणि त्याच क्षणीं एक काळजीहि मनांत शिरते, तिचें मूळ या समजुतींत आहे. 'खेळ ठीक आहे. पण पुढें काय?' हा प्रश्न आपल्या धरमपेठेंतील किती दिवाणखान्यांतून विचारला गेला असेल, याची गणती करणें कठीण.

प्रश्न खोटा नाहीं. संसार चालवावयाचा असतो, म्हातारपण यावयाचें असतें, आणि टाळ्यांवर पोट भरत नाहीं. परंतु या प्रश्नाचें एक उत्तर एका नागपूरकरानेंच आपल्या आयुष्यानें देऊन ठेवलें आहे, आणि तें आज पुनः तपासून पाहण्यासारखें आहे. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे उभ्या हिंदुस्थानाला ठाऊक असलेले सी. के., पहिल्या दर्जाचा आपला पहिला क्रिकेट-सामना १९१६ सालीं खेळले आणि शेवटचा १९६३ सालीं. पहिल्या सामन्याच्या वेळीं त्यांना एकविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. शेवटच्या वेळीं त्यांचें वय अडुसष्ट होतें. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत पहिलें महायुद्ध संपलें, दुसरें होऊन गेलें, देश स्वतंत्र झाला, संस्थानें विलीन झालीं. या अवधींत ते पहिल्या दर्जाचे २०७ सामने खेळले. ११,८२५ धांवा काढल्या, २६ शतकें झळकावलीं व ४११ गडी बाद केले. हे आंकडे मोठे आहेतच. पण आपल्याला येथें विचार करावयाचा आहे तो त्यांच्या मोठेपणाचा नव्हे, तर लांबीचा. एवढा दीर्घ डाव एका माणसाला साधला कसा, आणि त्यासाठीं त्याला काय मोजावें लागलें?

नायडूंचा जन्म ता. ३१ आक्टोबर १८९५ रोजीं नागपुरास झाला. घराणें मूळचें तेलुगु, परंतु नागपुरांत चांगलें रुजलेलें. आजोबा वकील व जमीनदार. वडील सूर्यप्रकाशराव विलायतेंत शिकून आलेले व कायद्याचे पदवीधर. अशा घरांतील मुलानें पुढें काय व्हावें, याची वाट बहुधा त्याच्या जन्मापूर्वींच आंखलेली असते. मुलगा हिस्लॉप कॉलेजिएट शाळेंत शिकला खरा, परंतु त्याचें मन मैदानावर बसलें, आणि तें पुढें कधींच तेथून उठलें नाहीं.

१९१६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या प्रसिद्ध चौरंगी सामन्यांत ते हिंदु संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. संघाचे सात गडी ७९ धांवांत परतलेले, आणि हा नवखा तरुण नवव्या क्रमांकावर खेळावयास आलेला. त्यानें पहिले तीन चेंडू शांतपणें अडविले आणि चौथा सरळ सीमेपार उडवून दिला. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांचें सारें सूत्र या चार चेंडूंत सांपडतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आधीं पाहणें, थांबणें, तोलणें. आणि मग जो घाव घालावयाचा तो पूर्ण घालणें. नायडूंच्या षट्कारांची वाहवा सर्वांनीं केली. त्यापूर्वींच्या तीन चेंडूंकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. दीर्घ कारकीर्द मात्र त्या तीन चेंडूंच्या जोरावरच उभी राहते.

आतां उपजीविकेची गोष्ट. त्या काळीं विलायतेंत क्रिकेटपटूंच्या दोन जाती मानीत. हौसेनें खेळणारे ते 'जंटलमेन', व वेतन घेऊन खेळणारे ते 'प्लेयर्स'. एकाच संघांत असूनहि दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या पुष्कळ ठिकाणीं निराळ्या असत, आणि हा भेद तेथें १९६२ सालापर्यंत टिकला. आपल्या देशांत असा उघड भेद नव्हता. पण खेळून पोट भरण्याची उघड वाटहि नव्हती. राजाश्रय हीच काय ती वाट. १९२३ सालीं इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनीं नायडूंना आपल्या संस्थानांत बोलावून घेतलें व फौजेंत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढें ते कर्नल झाले. हुद्दा लष्करी होता, पण महाराजांना मुख्यतः हवा होता तो क्रिकेटपटू, हें उघड आहे. गवयाला दरबारीं नेमणूक मिळावी आणि त्यानें आयुष्यभर निश्चिंतपणें गाणें करावें, तसाच हा प्रकार. नागपूर सुटलें, इंदूर हें घर झालें. आपण ज्याला आज व्यावसायिक खेळाडू म्हणतों, त्याचा आपल्याकडील आरंभीचा अवतार हा असा होता. १९४१ सालीं बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधाच्या जाहिरातींत त्यांचें नांव आलें, आणि जाहिरातीसाठीं आपलें नांव देणारे ते पहिले हिंदी क्रिकेटपटू ठरले, हेंहि येथें सांगून ठेवावें. आजच्या खेळाडूंना या मार्गानें कोट्यवधि रुपये मिळतात. त्या वाटेवरचें पहिलें पाऊल पंचेचाळिशीच्या एका गृहस्थाचें आहे.

नायडूंचें नांव घरोघरीं गेलें तें १९२६ सालीं. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं विलायतेहून एम. सी. सी. चा संघ आला होता. ता. १ डिसेंबर रोजीं मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदु संघाकडून खेळतांना नायडूंनीं ११६ मिनिटांत १५३ धांवा केल्या. त्यांत ११ षट्कार होते. एक चेंडू तर जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. पाहुण्या संघानें त्यांना चांदीची बॅट भेट देऊन गौरव केला. त्याच दौऱ्यांत पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनीं अखिल हिंदी संघाकडून १४८ धांवा काढल्या. हिंदी खेळाडु साहेबाच्या खेळांत साहेबाच्या बरोबरीनें उभा राहूं शकतो, हें या दोन डावांनीं दाखवून दिलें. दोनच वर्षांनीं, १९२८ च्या डिसेंबरांत, हिंदी क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें, आणि १९३२ सालीं हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना ठरला.

या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबून एक साधी वजाबाकी करावी. ता. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर नायडू हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून उतरले, तेव्हां त्यांचें वय छत्तीस वर्षांचें होतें. ज्या वयांत बहुतेक खेळाडु निरोपाचे हार गळ्यांत घालून घेतात, त्या वयांत या गृहस्थाचा कसोटी-क्रिकेटमध्यें प्रवेश झाला. विशी आणि तिशीच्या सुरुवातीचीं सोन्यासारखीं वर्षें, ज्यांच्या कमाईवर दुसरे खेळाडु आयुष्यभर जगतात, तीं यांना कसोटीच्या दृष्टीनें मिळालींच नाहींत. सामनेच नव्हते, तर खेळणार काय? देशाचा दरवाजा उघडण्याची वाट पाहत या माणसानें सोळा वर्षें आपली विद्या ताजी ठेवली.

तो दौराहि सरळ नव्हता. संघाचे अधिकृत कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. कर्णधार राजघराण्यांतीलच असावा, असा त्या काळचा दंडक. महाराजांनीं मोठेपणानें बाजूला राहणें पसंत केलें, उपकर्णधारहि खेळूं शकले नाहींत, म्हणून धुरा नायडूंकडे आली. क्षेत्ररक्षण करतांना हाताला दुखापत झाली असतांहि पहिल्या डावांत त्यांनीं ४० धांवा काढल्या. संघांत त्याच सर्वाधिक ठरल्या. सामना १५८ धांवांनीं गेला, पण मोहंमद निसार व अमरसिंग यांच्या गोलंदाजीनें इंग्लंडची आघाडीची फळी हादरली, हें सर्वांनीं पाहिलें. त्यापूर्वीं मे महिन्यांत त्याच मैदानावर एम. सी. सी. विरुद्ध नायडूंनीं नाबाद ११८ धांवा केल्या होत्या. त्या हंगामांत त्यांनीं ३२ षट्कार मारले. एजबॅस्टन येथें त्यांनीं मारलेला एक चेंडू री नदीपलीकडे गेला; ती नदी दोन परगण्यांची सीमा असल्यामुळें नायडूंनीं एका परगण्यांतून दुसऱ्या परगण्यांत षट्कार मारला, अशी कथा तेथें अजून सांगतात. 'विस्डेन' या क्रिकेटच्या वार्षिकानें १९३३ सालीं वर्षाच्या पांच उत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली. रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी व पतौडी यांना तो मान इंग्रज संघांकडून खेळून मिळाला होता; हिंदुस्थानाकडून खेळून तो मिळविणारे नायडू पहिले.

पुढें १९३६ सालच्या दौऱ्यावर कर्णधारपद विजयानगरच्या महाराजकुमारांकडे गेलें, आणि नायडू साधे खेळाडु म्हणून गेले. चार सामन्यांत देशाचें नेतृत्व केलेल्या माणसाला, आपल्याहून खेळांत पुष्कळच उणा असलेल्या गृहस्थाच्या हाताखालीं खेळणें किती जड गेलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. ओव्हलच्या शेवटच्या कसोटींत गबी अॅलन यांचा एक चेंडू त्यांच्या अंगावर जोरानें बसला. नायडू सांवरून उठले, खेळत राहिले, आणि ८१ धांवा काढून त्यांनीं डावाच्या पराभवाची नामुष्की टाळण्यास हातभार लावला. कसोटींतील त्यांची ही सर्वोच्च धांवसंख्या, आणि हीच त्यांची शेवटची कसोटी. चाळीस वर्षें उलटून गेलेलीं. पुढें दहा वर्षें हिंदुस्थानला कसोटी सामनाच मिळाला नाहीं. एकूण हिशेब सात कसोट्या, ३५० धांवा, ९ बळी आणि विजय एकहि नाहीं. केवळ हा कागद पाहणाऱ्याला हा माणूस सामान्य वाटेल. कारकीर्द दीर्घ असली म्हणजे ती न्याय्य असतेच असें नाहीं, हें आपण विसरतां कामा नये.

बहुतेक चरित्रें येथें संपतात. नायडूंचें मात्र येथून नव्यानें सुरू होतें. मान गेला, संधि गेली, वय गेलें. तरी खेळ सोडावा असें त्यांना वाटलें नाहीं. रणजी करंडकाच्या सामन्यांत इंदूरचा होळकर संघ त्यांनीं असा घडविला कीं १९४४-४५ पासून १९५२-५३ पर्यंतच्या नऊ हंगामांत तो आठ वेळां अंतिम सामन्याला पोंचला आणि चार वेळां करंडक घेऊन आला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, स्वतःचे धाकटे बंधु सी. एस. नायडू असे खेळाडु त्या संघांत होते; युद्धाच्या काळांत महूच्या छावणींत आलेले इंग्रज फलंदाज डेनिस कॉम्प्टन हेहि त्यांतून खेळले. १९४५-४६ च्या हंगामांत बडोद्याविरुद्ध नायडूंनीं २०० धांवा केल्या. तेव्हां ते पन्नास वर्षांचे होते. ज्या वयांत आपल्याकडील गृहस्थ गुडघ्यांना तेल लावून घेऊन ओसरीवर बसूं लागतात, त्या वयांत हा गृहस्थ दिवसभर उन्हांत उभा राहून द्विशतक काढीत होता.

त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी अजूनहि जुने क्रिकेटपटू सांगतात. वेळेला उशीर नाहीं, मैदानावर दुखण्याचें प्रदर्शन नाहीं, हा त्यांचा नियम, आणि तो पहिल्यानें स्वतःला लागू. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यांत मुंबईचे दत्तू फडकर यांचा एक उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला व दात पडले. छप्पन वर्षांच्या त्या गृहस्थानें पडलेले दात बॅटीनें बाजूला सारले, उपचार नाकारले, आणि पुढचा चेंडू पहिल्याइतक्याच वेगानें टाकावयास सांगितलें, अशी ही हकीकत सांगितली जाते. हें धैर्य थोर खरें. पण आपल्या मुलांनीं त्याचें शब्दशः अनुकरण करूं नये, हेंहि सांगणें आपलें कर्तव्य आहे. आज दांतांचे व डोक्याचे रक्षक मिळतात, आणि ते वापरणें हाहि शिस्तीचाच भाग आहे.

१९५३-५४ सालीं ते नव्या आंध्र संघाकडून खेळले. १९५६ सालीं सरकारनें त्यांना 'पद्मभूषण' दिलें. सत्काराची शाल अंगावर घेऊन घरीं बसण्यास यापेक्षां चांगलें निमित्त मिळालें नसतें. पण त्याच सालच्या हंगामांत ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून मैदानावर उतरले, आणि एकसष्टाव्या वर्षीं राजस्थानविरुद्ध ८४ धांवा करतांना विनू मंकड यांच्यासारख्या कसलेल्या गोलंदाजाला त्यांनीं षट्कार मारले. अखेर १९६३ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय संरक्षण निधीसाठीं महाराष्ट्राचे राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्या नांवांच्या दोन संघांत सामना झाला, आणि त्यांत अडुसष्ट वर्षांचे नायडू पहिल्या दर्जाचा शेवटचा सामना खेळले. तो सामना त्यांच्या जन्मगांवीं, नागपुरासच झाला. चार वर्षांनीं, ता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं, इंदुरास त्यांचें देहावसान झालें.

हा एक अपवाद म्हणून सोडून द्यावा काय? तसें म्हणतां येत नाहीं. प्रा. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्यांनीं महाराष्ट्रासाठीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा केल्या. ते एकशें एक वर्षें जगले. पण कोणी म्हणेल, क्रिकेट हा सावकाश चालणारा खेळ. त्यांत वय खपून जातें. म्हणून आपण मुद्दाम एक असा खेळ घेऊं कीं ज्यांत वयाला क्षमा नाहीं. शिवाजीनगरच्या जिमखान्यावर संध्याकाळीं मुलेंमुली बास्केटबॉल खेळतात, तो खेळ. दोन्ही बाजूंस पांच पांच खेळाडु, जमिनीपासून दहा फूट उंचीवर टोपली, आणि अखंड धांवपळ. त्यांत जो सर्वांत उंच तो बहुधा 'सेंटर', म्हणजे मधला खेळाडु. त्याची जागा टोपलीखालीं. तेथेंच सर्वांची गर्दी, कोपरांचे धक्के, उड्या आणि आदळआपट. संघाचा खांब तोच, आणि गुडघे व घोटे पहिल्यानें झिजतात तेहि त्याचेच.

अशा जागीं अमेरिकेचे करीम अब्दुल-जब्बार हे व्यावसायिक सामन्यांत वीस हंगाम उभे राहिले. उंची सात फूट दोन इंच. १९६९ सालीं त्यांनीं आरंभ केला व १९८९ सालीं बेचाळिसाव्या वर्षीं निवृत्ति घेतली. १,५६० सामने, ३८,३८७ गुण आणि सहा अजिंक्यपदें ही त्यांची कमाई. सर्वाधिक गुणांचा उच्चांक १९८४ सालीं त्यांच्याकडे आला, तो २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत कोणाला मोडतां आला नाहीं. हें साधलें कशानें? एक तर त्यांचा आवडता फटका. अंग आडवें करून, एक हात पूर्ण ताणून, डोक्याच्याहि वर नेऊन चेंडू अलगद सोडून द्यावयाचा. प्रतिस्पर्ध्याचा हात तेथें पोंचतच नसे. या फटक्याला धसमुसळेपणा लागत नाहीं. लागतो तो तोल. लहानपणीं घोटून घोटून बसविलेली ही युक्ति चाळिशींतहि त्यांच्या कामीं आली, कारण वय वेग नेतें, पण तोल नेत नाहीं. दुसरें म्हणजे योगासनें. आपल्या ऋषींनीं सांगितलेला हा अभ्यास त्यांनीं १९७६ च्या सुमारास धरला, आणि आपलें शरीर इतकीं वर्षें टिकलें याचें पुष्कळसें श्रेय ते त्यालाच देत आले आहेत. आपल्या घरांतील मुलांना पहांटे उठून आसनें करावयास सांगितलें तर तोंडें वांकडीं होतात. त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी. त्याच जागेवर खेळणारे रॉबर्ट पॅरिश हे तर एकवीस हंगाम व १,६११ सामने खेळून १९९७ सालीं, चव्वेचाळिशीला टेकतांना निवृत्त झाले.

यांत एक तिसरी गोष्टहि आहे, आणि आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना ती अधिक जवळची वाटेल. भरांत असतांना करीम दर सामन्याला सरासरी ३४.८ गुण करीत. शेवटच्या हंगामांत ती सरासरी १०.१ वर आली. मधल्या काळांत त्यांनीं संघांतील आपली जागा हळूहळू लहान करून घेतली. १९८० च्या निर्णायक सामन्यांत त्यांचा घोटा दुखावला, तेव्हां वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन त्यांच्या जागीं उभा राहिला व ४२ गुण करून अजिंक्यपद घेऊन आला. पुढें संघाचा सारा खेळ या तरुणाभोंवतीं फिरूं लागला, आणि थोरल्यानें तें मान्य केलें. १९८७ सालीं बोस्टनच्या मैदानावर अगदीं शेवटच्या क्षणीं मॅजिकनें जो विजयी चेंडू मारला, तो करीमचाच तो फटका होता. घरांतील कर्त्या पुरुषानें किल्ल्या वेळेवर सुनेच्या-मुलाच्या हातीं द्याव्या, पण स्वतः माजघरांत बसून राहावें, सल्ला विचारला तर द्यावा, यांत जी शोभा आहे तीच ही. नायडूंनीं इंदुरास हेंच केलें. मुश्ताक अली यांच्यासारखा तरुण त्यांच्या देखरेखीखालीं वाढला, आणि त्यांच्या हाताखालीं तयार झालेला संघ ते गेल्यावरहि दोन वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला.

तर मग या दीर्घ कारकीर्दींचें मर्म काय? एक, विद्या अशी शिकावी कीं ती केवळ दमावर अवलंबून राहूं नये. नायडू फलंदाज म्हणून गाजले, तरी गोलंदाजी व क्षेत्ररक्षण त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. एक अंग थकलें तर दुसरें हात देई. दोन, शरीर हें भाड्याचें घर नव्हे; त्याची डागडुजी रोजच्या रोज करावी लागते. तीन, मानाची जागा गेली म्हणून काम सोडूं नये. ज्याला कर्णधारपदावांचून खेळतां येत नाहीं, त्याचा डाव लौकर संपतो. आणि चौथी गोष्ट ही कीं पाठीशीं कोणीतरी लागतें. नायडूंच्या पाठीशीं होळकर दरबार होता. तो नसता तर त्यांच्या हातांतील बॅट केव्हांच खुंटीला लागली असती. आज राजे नाहींत. त्यांची जागा रेल्वे, बँका व सरकारी कंपन्या यांनीं घेतली आहे. आपल्या देशांतील पुष्कळसे चांगले बास्केटबॉल-खेळाडु अशा नोकऱ्यांवरच आपला प्रपंच चालवितात. ही सोय सर्वांना पुरत नाहीं, आणि ज्यांना ती मिळत नाहीं त्यांचा डाव पंचविशीच्या आंतच आटोपतो, हें सत्य लपवून मुलांना मैदानावर पाठवूं नये.

विदर्भाच्या क्रिकेटनें या गोष्टीची प्रचीति अलीकडेच घेतली. १९५७-५८ पासून रणजी सामन्यांत खेळत असलेल्या विदर्भाच्या संघानें साठ वर्षें वाट पाहिली, आणि २०१८ सालच्या पहिल्याच दिवशीं दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. तो सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला. विजयाचा शेवटचा फटका ज्यांनीं मारला ते वासिम जाफर एकोणचाळीस वर्षांचे होते. मुंबईहून आलेला हा अनुभवी फलंदाज तरुण मुलांत मिसळून खेळला, आणि पुढच्या हंगामांत चाळिशींत शिरल्यावर त्यानें १,०३७ धांवा काढल्या. करंडक पुनः विदर्भाकडेच राहिला. २०२४-२५ सालीं तो तिसऱ्यांदा आला. नागपूरच्या एका माणसानें इंदुरांत जाऊन जें पेरलें, त्याचें पीक त्याच इंदुरांत नागपूरच्या मुलांनीं कापलें, असें कोणी म्हटलें तर त्यास काव्य म्हणून हंसतां येईल, पण खोटें म्हणतां येणार नाहीं.

म्हणून घरांतील मूल मैदानाकडे वळलें, तर 'पुढें काय?' हा प्रश्न वडिलांनीं अवश्य विचारावा. पण तो विचारतांना त्याच्यासमोर दरवाजा लावूं नये. त्याच्याबरोबर बसून उत्तर शोधावें. त्याला झोप किती मिळते, त्याचें अन्न काय, दुखापत झाली तर तें सांगतें कीं लपवितें, शिकविणारा माणूस त्याला घाई करतो कीं धीर देतो, शिक्षणाचा धागा तुटत तर नाहीं ना, हें पाहणें घरच्यांच्या हातीं आहे, आणि यांतलें एकहि काम मैदानावरचे लोक घरच्यांइतक्या आस्थेनें करणार नाहींत. हिस्लॉप शाळेंतील त्या मुलाला सोळा वर्षें कसोटीची वाट पाहावी लागली, आणि मिळाल्या त्या सात. तरीहि अडुसष्टाव्या वर्षीं तो आपल्या गांवच्या मैदानावर पायाला पॅड बांधून उतरला. कोणी त्याला तेथें ओढून आणलें नव्हतें.